दोन म्हाळुंगे आणि एक संघ

फिलिपीन्सच्या फुटबॉलचा इतिहास जो कोणी लिहील, त्याला म्हाळुंगे-बालेवाडीचा उल्लेख करावाच लागेल. ३० जानेवारी २०२२ रोजी श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात फिलिपीन्सच्या महिला संघाने चायनीज तैपेईशी १-१ अशी बरोबरी साधली, पेनल्टी शूटआउटमध्ये ४-३ असा विजय मिळवला आणि वर्ल्ड कपमधली जागा पक्की केली. पुरुषांचा असो वा महिलांचा, त्या देशाचा वरिष्ठ संघ त्याआधी कधीच फुटबॉलच्या वर्ल्ड कपला गेला नव्हता. शेवटची पेनल्टी मारली सरीना बोल्डेनने. पुढच्या वर्षी वेलिंग्टनला याच बोल्डेनने यजमान न्यूझीलंडवर गोल केला आणि फिलिपीन्सने वर्ल्ड कपमधला पहिला विजय नोंदवला. त्या गोलची वाट बालेवाडीवरून गेली होती.

त्याच दिवशी, त्याच मैदानावर दक्षिण कोरियाने ऑस्ट्रेलियाला बाहेर काढलं. ८७ व्या मिनिटाला जी सो-युनने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला आणि सॅम करसारखी नामवंत खेळाडू असलेला संघ १-० ने हरून परतला. चार दिवसांनी, ३ फेब्रुवारीला, जपान आणि चीनची उपांत्य लढत इथेच झाली. रिको उएकीने २६ व्या मिनिटाला जपानला आघाडी दिली, मध्यंतर संपताच चीनने बरोबरी केली. जादा वेळेत १०३ व्या मिनिटाला पुन्हा उएकीच. २०११ चा जगज्जेता जपान आता सुटला असं वाटत असताना ११९ व्या मिनिटाला वांग शानशानने गोल केला. एक मिनिट उरलं होतं! पेनल्टीमध्ये चीनने ४-३ अशी बाजी मारली आणि पुढे नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोरियाला ३-२ ने हरवून आशिया चषक नेला. महिला फुटबॉलमधल्या अलीकडच्या काळातल्या इतक्या चुरशीच्या लढती महाराष्ट्रात झाल्या, पण करोनाच्या निर्बंधांमुळे त्या जवळजवळ प्रेक्षकांविना झाल्या. आपल्या पोरींनी त्या पाहिल्याच नाहीत.

बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. मुळा नदी ओलांडली की वाकड, म्हणजे पिंपरी-चिंचवडची हद्द. तिथून भोसरी, मोशी, कुरुळी करत गेलं की चाकण. चाकणलाही एक म्हाळुंगे आहे, म्हाळुंगे इंगळे. त्या परिसरातल्या रस्त्यांवर दुपारी फर्स्ट शिफ्ट सुटते तेव्हा कंपन्यांच्या बसमधून शेकडो तरुण मुली उतरतात. कोणी बीडची, कोणी लातूरची, कोणी यवतमाळची, कोणी धुळ्याची. आयटीआय करून किंवा बारावीनंतर ट्रेनी म्हणून आलेल्या, चौघी-पाचजणींत एक खोली घेऊन राहणाऱ्या. वय अठरा ते पंचवीस, म्हणजे फुटबॉल खेळण्याचं ऐन वय. एका म्हाळुंग्यातून आशियाचे संघ वर्ल्ड कपला गेले, दुसऱ्या म्हाळुंग्यात या मुली लाइनवर उभ्या आहेत. भारतीय महिला संघाचा प्रश्न मला या दोन गावांच्या मधे दिसतो, म्हणून हा आढावा इथून घ्यायचा.

त्या स्पर्धेत भारताचं काय झालं हे आधी सांगायला हवं. आशिया चषक पहिल्यांदाच बारा संघांचा होता आणि यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. २००३ नंतर आपला संघ या स्पर्धेत पहिल्यांदाच दिसत होता. २० जानेवारीला इराणशी ०-० अशी बरोबरी झाली. २३ तारखेला चायनीज तैपेईशी सामना होता, पण तोवर बायो-बबलमध्येच करोना शिरला आणि डझनभर खेळाडूंना लागण झाली. मैदानात उतरवायला नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडूही उरल्या नाहीत. सामना झाला नाही, भारताने माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणविरुद्धचा निकालही रद्द झाला. आशालता देवीच्या संघाने वर्षभर केलेली तयारी नव्वद मिनिटांत संपली, आणि ती नव्वद मिनिटंही नोंदीत राहिली नाहीत. उपांत्यपूर्व फेरी गाठली असती तर हरूनही वर्ल्ड कपच्या प्ले-ऑफची दारं उघडी होती. याच वाटेने व्हिएतनाम पुढे २०२३ च्या वर्ल्ड कपला गेला.

पण एका विषाणूवर सगळं ढकलता येणार नाही, कारण आपली घसरण त्याच्या कितीतरी आधीची आहे. भारतात महिला फुटबॉलची स्वतंत्र संघटना १९७५ साली उभी राहिली आणि त्याच वर्षी लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. त्या काळात आपण आशियात पुढे होतो. कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत १९८० साली भारत उपविजेता ठरला, १९८१ ला तिसरा आणि १९८३ ला बँकॉकमध्ये पुन्हा उपविजेता. शांती मलिकला १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिला. गोव्याची योलांडा डिसूझा त्याच पिढीतली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिला फुटबॉलचा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे गेला. तेव्हा चीन, जपान, कोरिया आपापल्या लीग उभारत होते, आणि आपल्या संघाला वर्षवर्ष सामनेच मिळत नव्हते. पुरेसे सामने खेळले नाहीत म्हणून फिफाच्या क्रमवारीतून नाव गळण्याची वेळही आली. ज्या थायलंडबरोबर आपण १९८३ ला अंतिम सामना खेळलो, तो पुढे दोन वर्ल्ड कप खेळून आला.

दक्षिण आशियात मात्र बराच काळ आपलीच सत्ता होती. २०१० पासून २०१९ पर्यंतच्या पाचही सॅफ स्पर्धा भारताने जिंकल्या. मग २०२२ च्या सप्टेंबरमध्ये काठमांडूला बांगलादेशने आपल्याला ३-० ने हरवलं आणि चषकही नेला. २०२४ ला पुन्हा त्यांनीच. बांगलादेशचं यश नीट पाहण्यासारखं आहे. मैमनसिंग जिल्ह्यातलं कोलसिंदूर हे गाव, तिथली सरकारी प्राथमिक शाळा आणि मुलींसाठी देशभर होणारी प्राथमिक शाळांची फुटबॉल स्पर्धा यांतून त्यांची एक अख्खी पिढी तयार झाली. शाळेच्या पोरी दरवर्षी, नेमाने, निकाल लागेल अशा स्पर्धेत खेळत राहिल्या, एवढंच.

आपल्याकडे याच्या उलट घडलं, आणि त्याचं सर्वांत दुखरं उदाहरण म्हणजे ऑक्टोबर २०२२ चा सतरा वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत ही स्पर्धा झाली. त्याआधी ऑगस्टमध्ये फिफाने आपल्या महासंघाला निलंबित केलं होतं, यजमानपद जाता जाता वाचलं. भारताचा संघ अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-० आणि ब्राझीलकडून ५-० असा हरला. तीन सामने, सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. कर्णधार अस्तम ओराव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. पुण्याची काजोल डिसूझाही त्या संघात होती. या मुलींना दोष देणं अन्यायाचं ठरेल. त्या महिनोन्महिने शिबिरात राहिल्या, परदेशात सराव करून आल्या, पण त्यांच्या वयाच्या मुलींची भरीव लीग देशात नव्हतीच. शिबिरात दम वाढतो, पासही अचूक होतात. पण शनिवारी हरल्यावर बुधवारी पुन्हा उभं राहायची सवय लागते ती लीगमध्ये. मोरोक्कोच्या मुली ती सवय घेऊन आल्या होत्या.

त्यानंतर परिस्थिती थोडी सुधारली, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. इंडियन विमेन्स लीग २०२३-२४ पासून घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर खेळली जाऊ लागली. त्याआधी सगळे संघ एका शहरात जमून काही आठवड्यांत स्पर्धा उरकत. वरच्या लीगमधल्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार द्यावा असं महासंघाने ठरवलं. 'अस्मिता' लीगमुळे लहान मुलींना सामने मिळू लागले. नोंदणीकृत महिला खेळाडूंचा आकडा जून २०२२ मध्ये सुमारे ११,७०० होता, मार्च २०२४ पर्यंत तो २८,००० च्या जवळ गेला. याचं फळ २०२५ मध्ये दिसलं. चिआंग माईच्या पात्रता फेरीत भारताने मंगोलियावर १३-०, तिमोर-लेस्तेवर ४-०, इराकवर ५-० असे विजय मिळवले आणि ५ जुलैला थायलंडला त्यांच्याच घरी २-१ ने हरवलं. थायलंड क्रमवारीत ४६ वा, आपण सत्तरावे. पात्रता फेरी खेळून आशिया चषकात जागा मिळवण्याची भारताची ती पहिलीच वेळ. ऑस्ट्रेलियातल्या २०२६ च्या त्या स्पर्धेसाठी भारताचा गट पडला जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेईबरोबर, म्हणजे त्यात सोपा प्रतिस्पर्धी एकही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांखालील संघानेही म्यानमारला १-० ने हरवून दोन दशकांनंतर आशियाई स्पर्धा गाठली.

थायलंडविरुद्धचे दोन्ही गोल संगीता बासफोरने केले. संगीता सशस्त्र सीमा बलात नोकरीला आहे. भारतीय महिला फुटबॉल कशावर उभं आहे, हे कळायला एवढी माहिती पुरते. भारताकडून खेळलेली ओइनाम बेमबेम देवी मणिपूर पोलिसांत, बाला देवीही मणिपूर पोलिसांत. रेल्वेचा महिला संघ राष्ट्रीय विजेता ठरला आहे. खेळाच्या जोरावर मिळणारी, खेळून झाल्यावरही टिकणारी सरकारी नोकरी, हाच आपल्या राष्ट्रीय संघाचा पाया राहिला. मणिपूर वीसहून अधिक वेळा राष्ट्रीय विजेता ठरलं त्यामागे घराघरातली खेळाची आवड आहेच, पण मैदानावर गेलेल्या मुलीला पोलिसात, रेल्वेत, निमलष्करी दलात जागा मिळते हा अनुभवही आहे. हरियाणातलं अलखपुरा, झारखंडमधली गुमला आणि रांचीच्या आसपासची गावं, ओडिशा, तामिळनाडू, सगळीकडे हेच दिसतं.

आता महाराष्ट्राकडे येऊ. राष्ट्रीय महिला स्पर्धेच्या चषकाला २०२३ पासून राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. ज्या पुण्यात जिजाऊंनी शिवबाला घडवलं, त्या पुणे जिल्ह्याच्या मुली हा चषक उचलताना मला पाहायच्या आहेत. वरिष्ठ राष्ट्रीय संघात मराठी नाव क्वचित दिसतं. काही चांगले प्रयत्न झाले. २०१७ च्या पहिल्या इंडियन विमेन्स लीगमध्ये एफसी पुणे सिटीचा महिला संघ खेळला. पण २०१९ मध्ये तो क्लबच बंद पडला आणि पुण्याचा महिला संघही गेला. कोल्हापूर हे फुटबॉलवेडं शहर, तिथल्या एफसी कोल्हापूर सिटीनेही ही लीग खेळली. नागपूरचे विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं 'स्लम सॉकर' तर जगात पोचलं. बेघरांच्या वर्ल्ड कपला त्यांनी भारताचे मुलींचे संघ नेले आणि २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळवला. त्यांच्यावरचा 'झुंड' हा चित्रपट बऱ्याच जणांनी पाहिला, पण बारसे सरांच्या कामात मुलींचा वाटा केवढा आहे हे फार थोड्यांना माहीत आहे.

सरकारी पातळीवर धूमधडाका होतो. १५ सप्टेंबर २०१७ ला 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन'खाली एका दिवसात लाखो मुलांनी फुटबॉल खेळावा म्हणून शाळांना चेंडू वाटले गेले. डिसेंबर २०२५ मध्ये वानखेडेवर मेस्सीच्या उपस्थितीत तेरा वर्षांखालील मुलामुलींसाठी 'महादेवा' प्रकल्प सुरू झाला. चेंडू आणि शिष्यवृत्ती दोन्ही हवेतच. पण तेरा वर्षांच्या मुलीचा प्रश्न ती अठराची झाल्यावर उभा राहतो. बारावी झाली, घरात पैशांची चणचण आहे, आईवडील विचारतात पुढे काय? मणिपूरच्या मुलीकडे या प्रश्नाला उत्तर आहे. मराठवाड्यातल्या मुलीकडेही एक उत्तर असतं, चाकणला जाऊन कंपनीत लागायचं. तिथे फुटबॉल संपतो.

तो तिथेच सुरू व्हायला हवा, असं माझं म्हणणं आहे. हे स्वप्नरंजन नाही, कारण महिलांचं आंतरराष्ट्रीय फुटबॉल जन्मालाच आलं ते कारखान्यात. इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावी डिक, कर अँड कंपनीचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, बायका दारूगोळा बनवू लागल्या आणि जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या आवारात फुटबॉल खेळू लागल्या. १९१७ च्या नाताळात त्यांनी पहिला मोठा सामना खेळला, तो पाहायला दहा हजार लोक आले. १९२० मध्ये त्यांनी फ्रान्सहून आलेल्या महिला संघाशी सामने खेळले. महिलांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलची ती सुरुवात मानली जाते. त्याच वर्षी २६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांना पाहायला ५३ हजार माणसं जमली. पुढच्या डिसेंबरात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांना बंदी घातली आणि ती जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. खेळ बायकांना झेपत नाही असं कारण दिलं गेलं. दिवसभर तोफगोळे भरणाऱ्या बायकांना!

जपानने हीच वाट वेगळ्या तऱ्हेने धरली. १९८९ मध्ये त्यांची महिला लीग सुरू झाली तेव्हा तिच्यामागे कंपन्या होत्या. मोत्यांची कंपनी, मांसप्रक्रिया करणारी कंपनी, पुढे शेअर दलाली करणारी कंपनीही. मुली सकाळी कंपनीत काम करत, दुपारनंतर सराव करत. टोकियोच्या वीज कंपनीचा 'टेपको मारीझे' हा संघ फुकुशिमाचा. त्याच्या काही खेळाडू अणुवीज प्रकल्पात नोकरी करत. करिना मारुयामा त्यांच्यातली. २०११ च्या मार्चमध्ये त्सुनामी आली, प्रकल्प उद्ध्वस्त झाला, संघ थांबला. जुलैमध्ये वर्ल्ड कपच्या उपांत्यपूर्व फेरीत याच मारुयामाने जर्मनीला जादा वेळेत गोल मारून त्यांच्या घरात हरवलं, आणि आठ दिवसांत जपान जगज्जेता झाला. बालेवाडीत ११९ व्या मिनिटापर्यंत पुढे असलेला जपानी संघ याच परंपरेतून आला होता.

कोरियात ही व्यवस्था आजही जोरात आहे. इंचॉन ह्युंदाई स्टील रेड एंजल्स हा पोलाद कंपनीचा संघ. २०१३ पासून २०२३ पर्यंत सलग अकरा वेळा कोरियन लीग त्यांनी जिंकली. २०२२ मध्ये बालेवाडीत ऑस्ट्रेलियाला आणि मग फिलिपीन्सला हरवणाऱ्या कोरियन संघात किम हे-री, जांग सेल-गी यांच्यासारख्या अनेकजणी याच कंपनी संघाच्या होत्या. आणि आता आपल्या पट्ट्याकडे बघा. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला आहे. चाकणला २००९ पासून फोक्सवॅगन आहे. जर्मनीतला व्हीएफएल वुल्फ्सबुर्ग हा क्लब फोक्सवॅगनच्या मालकीचा. त्याच्या महिला संघाने २०१३ आणि २०१४ अशी सलग दोन वर्षं युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली. म्हणजे महिला फुटबॉलला जगात ज्या उद्योगसमूहांनी उभं केलं त्यांतले दोन आपल्या तळेगाव-चाकण रस्त्यावर आहेत. त्यांना हा खेळ समजावून सांगायची गरज नाही.

देशी कंपन्यांनाही नाही. मुंबईत महिंद्र युनायटेड होता, मफतलाल, ऑर्के मिल्स यांचे संघ होते. गोव्यात खाणमालकांनी पुरुषांचे मोठे क्लब चालवले, वेदांताने तिथे महिला लीगही सुरू केली. टाटांनी १९८७ मध्ये जमशेदपूरला मुलांची फुटबॉल अकादमी काढली, तिने भारताच्या पुरुष संघाला कित्येक खेळाडू दिले. आज टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात दीड हजारांहून अधिक महिला एका संपूर्ण लाइनवर हॅरियर आणि सफारी गाड्या जोडतात. टॉर्क गन, जड दरवाजे, डॅशबोर्ड, दर काही मिनिटांनी पुढची गाडी. आठ तास उभं राहून हे काम करणाऱ्या मुलींच्या दमाविषयी कोणी शंका घेऊ नये.

एक सावधगिरी मात्र हवी. कंपन्यांचा लोभ टिकाऊ नसतो. १९९८ च्या सुमारास जपानमध्ये मंदी आली तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनी आपले विजेते महिला संघ बंद केले. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एफसी पुणे सिटीचं तर डोळ्यांसमोर झालं. म्हणून मला या पट्ट्यात आणखी एक चकचकीत क्लब नको आहे, जर्सीवर नाव छापून तीन वर्षांत गाशा गुंडाळणारा. हवी आहे ती नोकरी. संघ उद्या बुडाला तरी मुलीचं हजेरीपत्रक चालू राहील, अशी. इंडियन विमेन्स लीगचे ३ लाख २० हजार म्हणजे महिन्याला सुमारे २६ हजार ७००. हा आकडा मोठा की लहान, हे चाकणच्या कुठल्याही कामगाराला विचारा. तो लगेच पुढचा प्रश्न विचारेल, कायम की कॉन्ट्रॅक्ट? खेळाडूच्या आईवडिलांचाही प्रश्न हाच असतो.

मैदानाचं काय? पिंपरी-चिंचवड महापालिकेने मनात आणलं तर काय होतं हे शहराने पाहिलं आहे. थेरगावला पालिकेच्या मैदानावर दिलीप वेंगसरकर अकादमी उभी राहिली, तिथे ऋतुराज गायकवाड घडला आणि भारताकडून खेळला. नेहरूनगरला मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियमचं पॉलिग्रास आहे, मार्च २०२४ मध्ये महिलांची राष्ट्रीय हॉकी स्पर्धा तिथेच झाली. क्रिकेट आणि हॉकीसाठी जे जमलं ते फुटबॉलसाठी जमू शकतं. दिवे असलेलं एक मैदान, मुलींसाठी राखून ठेवलेल्या वेळा आणि कपडे बदलायची स्वच्छ, बंद खोली. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण मैदान सोडून गेलेल्या मुलींना कारण विचारलं तर बऱ्याच वेळा हेच उत्तर मिळतं.

वेळेचा प्रश्न खरा आहे. आपल्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते आणि खेळाच्या जगातले सामने शनिवार-रविवारी होतात. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे सरावाची वेळ ठरत नाही. पण या गुरुवारातच सोयही आहे. भोसरी, चाकण, तळेगावला एकाच दिवशी सुट्टी असते आणि त्या दिवशी शाळा चालू असल्यामुळे दुपारपर्यंत मोठी मैदानं रिकामी असतात. कंपन्यांच्या महिला संघांची गुरुवारची लीग, सुरुवातीला सातजणींची, अर्ध्या मैदानावर, पावसाळा सोडून सलग चार महिने, असं काही उभं करायला फार पैसा लागणार नाही. संघातल्या खेळाडूंना त्या काळात जनरल शिफ्ट द्यावी लागेल. कबड्डी आणि क्रिकेटच्या कंपनी संघांसाठी अनेक ठिकाणी अशी सवलत मिळते, मग ती मुलींना मागायला हरकत काय?

पैशाचीही वाट मोकळी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक नफा असलेल्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्टपणे लिहिलेलं आहे. खेड, मावळ, शिरूरच्या जिल्हा परिषद शाळांत मुलींसाठी वर्षभर चालणारी आंतरशालेय लीग या पैशातून सहज उभी राहते. कोलसिंदूरच्या शाळेपेक्षा आपल्या शाळांकडे साधनं जास्त आहेत. त्या लीगमधली चांगली खेळाडू अठराव्या वर्षी चाकणच्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागली आणि गुरुवारी कंपनीकडून खेळू लागली, तर तेरा ते पंचवीस हा सगळा प्रवास याच पट्ट्यात पूर्ण होतो. राष्ट्रीय संघाचे निवडकर्ते मग आपोआप इकडे येतील. त्यांना गुणवत्ता हवी असते, ती कुठल्या राज्याची याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं.

तुम्ही या पट्ट्यात नोकरी करत असाल, तर कंपनीच्या स्पोर्ट्स कमिटीच्या पुढच्या बैठकीत महिला फुटबॉल संघाची मागणी तोंडी नव्हे, लेखी द्या. युनियनमध्ये असाल तर येणाऱ्या वेतन कराराच्या मागण्यांत महिला खेळाडूंची भरती आणि त्यांच्या शिफ्टची सवलत हे कलम घालायला लावा. आणि तुमची मुलगी पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या शाळेत शिकत असेल, तर मुख्याध्यापकांना विचारा की मुलींचा फुटबॉल संघ आहे का, आणि नसेल तर या जूनपासून तो का असू नये.